काटा बाजारातला, काटा घरातला

वक्तृत्व स्पर्धेचे विषय जाहीर झाले की त्यात ‘वडिलांचे संस्कार’ हा विषय हमखास असतो. शाळेत होता, अकरावी-बारावीत होता, यंदा आपल्या महाविद्यालयातही होता. बोलणारे बहुधा एकाच मळलेल्या वाटेने जातात. वडील पहाटे उठून वाचत बसत, वडिलांनी खोटे न बोलण्याची शपथ घातली, वडिलांच्या धाकामुळेच मी आज आपल्यासमोर उभा आहे. मग टाळ्या. ऐकताना माझ्यासारख्यांची मात्र पंचाईत होते. आमच्या घरात वाचत बसायला टेबल नव्हते आणि पुस्तके होती ती आमच्याच दप्तरातली. आमच्या वडिलांनी आम्हां तिघा भावंडांना समोर बसवून कधी उपदेश केला नाही, कारण रात्री घरी आल्यावर पाठ टेकण्यापलीकडे त्यांच्या अंगात काही उरतच नसे. मग आमच्यावर संस्कार झालेच नाहीत, असे समजायचे की काय?

माझ्या मते झाले, आणि चांगले झाले. पण स्पर्धेत त्यांच्याविषयी बोलले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या की नाही, याची शंका आहे. बापाची शिकवण आणि बापाची आज्ञा या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. मूल शिकते ते बाप कामावर कसा वागतो ते पाहून. ते नीट शिकले, तर एक ना एक दिवस तीच शिकवण ते बापापुढे धरते. त्या दिवशी बाप काय करतो हे मला पाहायचे आहे. वक्तृत्वात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही.

आधी थोडे शब्दाविषयी. घरी मी वडिलांना अण्णा म्हणते. वस्तीत कोणी विचारलेच तर ‘बाप मार्केट यार्डात आहे’ असे सांगते. ‘वडील’ हा शब्द मी शाळेत शिकले, निबंधासाठी. मराठीत आईचे स्थान पक्के आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले आणि आचार्य अत्र्यांच्या त्यावरील चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तक न वाचलेल्यांनाही श्यामची आई ठाऊक असते. श्यामच्या वडिलांचे काय, असे विचारले तर वर्गात दोन हात वर येतील. कष्टकऱ्याच्या घरचा बाप तर त्याहून मागे राहिला. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली आले. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेल्या त्यांच्या वडिलांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी त्यात आहेत, आणि शीर्षकात ‘बाप’ हाच शब्द आहे. तो शब्द छापलेला पाहून मला का बरे वाटले, हे ज्यांच्या घरी तो रोज वापरला जातो त्यांना सांगावे लागणार नाही.

अण्णा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल आहेत. आजोबा १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्यात आले, तेव्हा भुसार बाजार नाना पेठ-भवानी पेठेत भरत होता. आजोबांकडून अण्णांना दोन गोष्टी मिळाल्या, एक बिल्ला आणि दुसरी पोते पाठीवर घेण्याची रीत. गुडघा कितपत वाकवायचा, आकडा कुठे रोवायचा, फळीवरून चढताना नजर कुठे ठेवायची, थप्पीचा वरचा थर लावताना श्वास केव्हा सोडायचा, हे बापाने लेकाला शिकवले. चुकले तर कंबर जाते. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आमच्या घरी लावायचा झाला तर तो यालाच लावता येईल.

आजोबांच्या वेळी पोते शंभर किलोचे. डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत काढली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यापूर्वी हमालाला आपला मालक कोण हेच सांगता येत नसे, कारण तो आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर. कायद्याने मंडळ आणले. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस द्यायचा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे दोन ओळींत आटोपेल. आमच्या घरात त्याचा अर्थ असा की महिन्यातून ठरल्या वेळी पैसे येतात आणि आई वाण्याला तारीख सांगू शकते. शंभराचे पोते पन्नासावर यावे म्हणूनही हमालांना वर्षानुवर्षे मागणी लावून धरावी लागली. अण्णांनी सुरुवातीला शंभराचीही उचलली आहेत. आता पन्नासाची उचलतात.

म्हणजे, पन्नास लिहिलेली उचलतात. मी पाचवी-सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जात असे. एकदा एका गाळ्यावर गाडी खाली होत होती. अण्णांनी एक पोते पाठीवर घेतले, दोन पावले चालले, आणि परत येऊन ते सरळ काट्यावर ठेवले. काट्याने पंचावन्नच्या वर दाखवले. दिवाणजी म्हणाले, “अरे, पाच किलोनं काय होतंय?” अण्णांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, “शंभर पोत्याला पाच क्विंटल होतंय. ती पाच क्विंटल कुणाच्या पाठीवरनं फुकट गेली, तेवढं सांगा.” टोळीतले बाकीचे थांबले. गाडी तासभर तशीच उभी राहिली. शेवटी जादा भरलेली पोती वेगळी काढून त्यांची हमाली वेगळी धरली गेली. मग अण्णांनी हात धुतले आणि डबा उघडला. मला ते काहीच बोलले नाहीत. भाकरी खाताना एवढेच म्हणाले, की आज भाजीत मीठ कमी आहे.

गणित हा माझा कधीच आवडता विषय नव्हता, पण शंभर गुणिले पाच हा गुणाकार माझ्या डोक्यात पक्का बसला. त्यातून मी शिकले ते असे. थोडेसे म्हणून जे मागितले जाते ते रोज मागितले जाते. अन्याय झाला असे ओरडण्यापेक्षा वजन करून दाखवावे. आणि आपण थांबलो तर शेजारचाही थांबतो. मी हे तीन वाक्यांत लिहिले, कारण मी दोन वर्षे महाविद्यालयात निबंध लिहीत आहे. अण्णांनी एकही वाक्य न बोलता ते शिकवले.

त्याच शिकवणीचा उपयोग मला पुढे झाला. एका कार्यालयात दाखल्याचा अर्ज भरत होते. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘हमाली’ लिहिले. खिडकीतल्या बाई मायेनेच म्हणाल्या, “खाजगी नोकरी लिही गं, बरं दिसतं.” मी तसेच राहू दिले. बरे कोणाला दिसते? त्या रकान्यात जे लिहिले होते त्यावरच माझी फी भरली जात होती. आपल्यापैकी पुष्कळजण अशा रकान्यापाशी अडखळतात, हे मला ठाऊक आहे. बाप गवंडी असला तर ‘बांधकाम क्षेत्रात’, भाजी विकत असला तर ‘व्यवसाय’. संस्कारांवरचे भाषण पाठ असते आणि रकाना मात्र भरवत नाही. असो.

आता अवघड भागाकडे वळते. आपल्या पुण्यातच याचे एक जुने उदाहरण आहे, आणि तेही बाजारातल्याच माणसाचे. जोतीराव फुल्यांचे वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा होता. आई चिमणाबाई जोतीराव अगदी लहान असतानाच वारल्या. गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले. पुढे ‘शिकून मुलगा शेताच्या कामाचा राहणार नाही’ असे कोणी कानात भरवले, म्हणून शाळेतून काढले. मग शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी समजावले, तेव्हा १८४१ साली पुन्हा मिशनच्या शाळेत घातले. जोतीराव शिकले, आणि १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८४९ साली लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी त्याच मुलाला आणि सून सावित्रीबाईला घराबाहेर काढले.

आपण हे शाळेपासून वाचतो आणि गोविंदरावांना एका ओळीत मागे टाकून पुढे जातो. मला मात्र ते जवळचे वाटतात. ते खलनायक नव्हते. त्या काळी माळ्याच्या मुलाला दोनदा शाळेत घालणारा बाप सामान्य म्हणता येणार नाही. त्यांनी मुलाला दार उघडून दिले, आणि मुलगा त्या दारातून जिथे गेला ते पाहून ते भ्याले. शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या प्रत्येक घरात एक गोविंदराव असतो. तो पोटाला चिमटा काढून फी भरतो. शिकून मूल साहेब व्हावे, बाकी सगळे होते तसेच राहावे, अशी त्याची समजूत असते. शिक्षणाने पगार वाढेल एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते, पण प्रश्नही वाढतील हे कोणी सांगितलेले नसते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्याविषयी आपण एवढेच ऐकतो, की पुस्तकांसाठी पैसे नसले तर ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणत आणि गहाण ठेवून पुस्तक घेत. हे खरे आहे आणि मोठे आहे. (त्या लेकींविषयी मात्र कोणी भाषण करत नाही!) मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे. रामजी शिस्तीचे कडक. मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. एकदा मुलाने विचारले, की ज्या ग्रंथांत वरच्यांचा मोठेपणा आणि आमची मानहानी आहे, ते आम्ही का वाचायचे? वडील रागावले. मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले तसे करावे, असे म्हणाले. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढे त्याच वडिलांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणा बसेल, तो जावा म्हणून वाचायला सांगतो; द्रोण, कर्ण ही माणसे कुठून कुठे गेली ते पाहा. त्या उत्तराने आपले समाधान झाले नाही, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे आणि तसे वडिलांना सांगितल्याचेही लिहिले आहे.

या प्रसंगातले रामजी मला दागिना गहाण ठेवणाऱ्या रामजींइतकेच मोठे वाटतात. पहिल्यांदा चिडले, यात नवल नाही. पण मुलाचा प्रश्न त्यांनी मनात ठेवला आणि त्याला उत्तर देणे हे आपले काम मानले. मुलाला ते उत्तर पटले नाही, तरी त्याला घर तुटले नाही. आपण संस्कार म्हणतो तो हाच असेल, तर तो हुकूमातून होत नाही. हुकूम ऐकणारी मुले काय थोडी आहेत?

बाजारातला काटा घरात आणला की काय होते, ते आता सांगते. आई पहाटे साडेचारला उठते, पाणी भरते, स्वयंपाक करते, मग एका गाळ्यावर धान्य निवडायला जाते, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चुलीपुढे. गाळ्यावरच्या तिच्या कामाला भाव आहे, थोडा का होईना. घरातल्या खेपा कोणीच मोजत नाही. थोरला भाऊ बारावीला राहिला. त्याच्या पाठीवर पोते नको म्हणून अण्णांनी त्याला यार्डात येऊ दिले नाही, बिल्ल्याचे नावही काढू दिले नाही. आता तो एका कंपनीची पार्सले मोटारसायकलवरून पोचवतो. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी असते. त्याला ना मंडळ, ना पंचायत. मोबाइल सांगेल तिकडे जायचे. म्हणजे पोते टळले, पण पाठ सुटली नाही, आणि आजोबांना आपला मालक कोण ते सांगता येत नव्हते तीच गत नातवाची झाली. हा एक वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्या मोटारसायकलचा हप्ता अण्णा निम्मा भरतात.

धाकटी बहीण बारावीत आहे, माझ्याहून हुशार आहे, तिला बी. कॉम. करायचे आहे. दिवाळीत अण्णा म्हणाले, “थोरलीचं होऊन जाऊ दे. धाकटीला बारावी बास. दोघींना कॉलेज झेपायचं नाही.” झेपण्याचा प्रश्न असता तर मी गप्प बसले असते, कारण घरात पैसे किती येतात ते मला ठाऊक आहे. पण फीचा आकडा कोणी विचारलाच नव्हता. न तोलताच वजन सांगितले गेले होते. मी म्हणाले, “अण्णा, दादाच्या गाडीचे दोन हप्ते म्हणजे धाकटीची वर्षाची फी. एकदा काट्यावर ठेवून तर बघा.”

ते चिडले. बाजारात दिवाणजीवर चढला नव्हता तो आवाज घरात चढला. “शिकवलं म्हणून तोंड आलं का?” म्हणाले, आणि बाहेर निघून गेले. आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता की दुसरे काही, ते मला अजून नीट कळलेले नाही.

काहीजण म्हणतील, की ज्या बापाने पाठ मोडून शिकवले त्यालाच उलट विचारणे हा कृतघ्नपणा आहे. प्राध्यापकांपैकीही कोणी म्हणतील, की अलीकडच्या मुलांना आदर म्हणून उरलेला नाही. मी याचा पुष्कळ विचार केला. आदर म्हणजे गप्प बसणे असेल, तर अण्णांनी त्या दिवशी गाळ्यावर दिवाणजींचा अनादर केला, असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणणार नाही. गाळ्यावर जे धैर्य ठरते ते उंबरठ्याच्या आत उद्धटपणा कसे होते? बापाकडून आपण फक्त गोड तेवढे घ्यायचे, आणि जे त्याच्यावरच उलटेल ते शाळेच्या दप्तरात ठेवायचे, हा मला प्रामाणिक व्यवहार वाटत नाही. त्याची शिकवण खरी मानली म्हणूनच मी ती त्याच्यापुढे ठेवली. खोटी मानली असती तर हसून सोडून दिले असते. तसे सोडून देणारेही वर्गात आहेत. बाप अडाणी, त्याला काय कळते, असे म्हणून ते मोकळे होतात. त्यांच्या घरात भांडण होत नाही. बोलणेही होत नाही.

मिळकतीच्या बाबतीत कायद्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि २००५ साली तो देशभर आला. आमच्याकडे वाटून घ्यायला जमीन नाही. बिल्ला आहे, तो पुढे कोणी घेणार नाही. राहिली ती अण्णांची तोलण्याची सवय. ती दादाला मिळाली आणि आम्हां दोघी बहिणींना मिळाली नाही, असे कसे होईल? डब्यामागून डबा घेऊन आम्हीच तर जात होतो.

जन्माच्या, खानदानाच्या संस्कारांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी गंगाराम सुर्वे यांचीही आठवण ठेवावी. या गिरणी कामगाराने सापडलेले तान्हे मूल घरी नेले आणि त्याला आपले आडनाव दिले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. तिथे रक्ताचे नाते नव्हते, घरात पुस्तके नव्हती. होती ती गिरणी. कामगाराच्या घरून काय मिळते, याचा पुरावा मागणाऱ्यांना तेवढा पुरे.

अण्णा त्यानंतर दहा-बारा दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलले. मीही विषय काढला नाही. मग एका रात्री जेवताना, माझ्याकडे न पाहता, त्यांनी धाकटीला विचारले, “फी किती म्हणालीस?” ती गडबडली. आकडा मी सांगितला. अण्णा म्हणाले, “तोंडी नको. कागदावर लिहून दे. पुस्तकं, बसचा पास, सगळं.” बाजारातही ते असेच करतात. हो म्हटलेले नाही, नाही म्हटलेले नाही. आईने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी वहीचे पान फाडून सगळे लिहून दिले. प्रवेश फी, परीक्षा फी, वह्या-पुस्तके, पास, आणि खाली बेरीज. त्याच पानावर शेजारी मोटारसायकलचा हप्ताही लिहिला, बारा महिन्यांचा. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले आहेत, पण आकडे वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. हा लेख संपादकांकडे देईपर्यंत तो कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, बिल्ल्याच्या मागे, घडी घालून ठेवलेला आहे. धुवायला सदरा काढताना आई तो बाहेर काढून ठेवते आणि वाळल्यावर पुन्हा आत घालते.